मारिबच्या बंधाऱ्यापासून खडकीच्या नहरीपर्यंत : मलिक अंबर यांच्या चरित्राचा बोध



पवित्र कुरआनात अल्लाहने माणसाला वारंवार आदेश दिला आहे की, त्याने पृथ्वीवर संचार करावा आणि पूर्वी होऊन गेलेल्या लोकसमूहांचा शेवट कसा झाला ते पाहावे. आद, समूद, मदयन, ह. लूत (अ.) यांची वस्ती आणि सबाचे नगर यांची वर्णने याच हेतूने आली आहेत. परंतु ही वर्णने ऐकताना आपल्या हातून दोन प्रमाद घडतात. ते लोक फार दूरचे आणि फार जुने होते, असे आपण मानतो, हा पहिला प्रमाद. त्यांतील ताकीद दुसऱ्या कोणासाठी तरी आहे, असे गृहीत धरतो, हा दुसरा. म्हणून या लेखात सबाच्या नगराचे स्मरण करून आपण आपल्याच भूमीकडे वळणार आहोत. ज्यांनी आपल्या डोळ्यांनी एक नगर ढासळताना पाहिले, दुसरे नगर स्वतः वसवले आणि तेही दोनदा जळताना पाहिले, अशा मलिक अंबर यांच्या चरित्रातून नगरे का पडतात आणि पडल्यावर काय उरते, हे समजून घेऊ या.

दोन बागांचे नगर

सबा म्हणजे आजच्या येमेनमधील एक समृद्ध राज्य. मारिब ही त्याची राजधानी. बायबल आणि कुरआन या दोन्ही ग्रंथांत या देशाचा उल्लेख आहे. येथील राणी ह. सुलैमान (अ.) यांच्या दरबारी आली आणि तिने सूर्यपूजा सोडून एकमेव अल्लाहचा स्वीकार केला, हा प्रसंग आपणा सर्वांस ठाऊक आहे. मारिबच्या लोकांनी डोंगरातून येणारे पावसाचे पाणी अडवण्यासाठी प्रचंड बंधारा बांधला होता. त्याच्या दोन्ही अंगांनी पाट निघत आणि वाळवंटाच्या कुशीत उजवीकडे व डावीकडे हिरव्यागार बागा डोलत. मार्गावर जवळजवळ वसलेली गावे होती आणि प्रवासी रात्रंदिवस निर्भयपणे ये-जा करीत.

या लोकांकडून अल्लाहने फार मोठी अपेक्षा केली नव्हती. दिलेले अन्न खावे आणि देणाऱ्याचे आभार मानावेत, एवढेच. त्यांनी पाठ फिरवली. मग बंधारा फोडणारा महापूर आला आणि गोड फळांच्या जागी कडू फळे, झाऊची झाडे आणि थोड्याशा बोरी उरल्या. लोक असे पांगले की त्यांची केवळ कथा शिल्लक राहिली. इतिहासही सांगतो की, हा बंधारा शतकानुशतके फुटत आणि दुरुस्त होत राहिला आणि इसवी सनाच्या सहाव्या शतकात कायमचा कोसळला. विचार करा, ज्या पाण्याने ते नगर उभे केले, त्याच पाण्याने ते वाहून नेले. देणगी तीच होती, बदलले होते ते देणगी घेणाऱ्यांचे अंतःकरण.

गुलामांच्या बाजारातून दख्खनकडे

सबाच्या याच भूमीवर, येमेनच्या मोखा बंदरात, सोळाव्या शतकात एक हबशी मुलगा विक्रीसाठी उभा करण्यात आला होता. इ.स. 1548 च्या सुमारास अबिसीनियात म्हणजे आजच्या इथिओपियात जन्मलेल्या या मुलाचे मूळ नाव चापू होते. मोख्याहून तो बगदादला गेला. तेथे मीर कासिम या व्यापाऱ्याने त्याची बुद्धी ओळखली, त्याला इस्लामची व व्यवहाराची शिकवण दिली आणि अंबर हे नाव दिले. पुढे त्याला दख्खनमध्ये आणले गेले आणि अहमदनगरच्या निजामशाहीचे पेशवे चंगेजखान यांनी त्याला विकत घेतले. चंगेजखान स्वतःही एके काळी गुलामच होते, ही बाब लक्षात घेण्याजोगी आहे.

मालकाच्या मृत्यूनंतर त्यांच्या विधवेने अंबर यांना मुक्त केले. मुक्त झाल्यावर त्यांच्याजवळ घराणे नव्हते, जहागीर नव्हती, या मुलखात रक्ताचे एक माणूसही नव्हते. काही काळ विजापूरच्या सेवेत काढून ते दीडशेच्या आसपास घोडेस्वारांची लहानशी तुकडी घेऊन निजामशाहीत परतले. वाचकहो, ह. यूसुफ (अ.) यांनाही बाजारात अल्प किमतीला विकले गेले होते आणि पुढे दुष्काळाच्या वर्षांत एका देशाचे धान्य त्यांच्याच हाती सोपवले गेले. बाजारातील किंमत ही माणसाची किंमत नसते, हे सत्य अंबर यांच्या पूर्वायुष्यातही स्पष्ट दिसते.

अहमदनगरचे पतन

मलिक अंबर परतले तेव्हा अहमदनगरचे राज्य आतून पोखरले गेले होते. इ.स. 1595 मध्ये इब्राहीम निजामशहा लढाईत मारला गेला आणि दरबारात चार तट पडले. प्रत्येक तटाने आपला वेगळा वारस पुढे केला. त्यांपैकी मियाँ मंजू या वजिराने आपल्या प्रतिस्पर्ध्यांचा पाडाव करण्यासाठी गुजरातेत असलेल्या मोगल शहजादा मुरादला साहाय्यासाठी बोलावले. घरातील भांडण मिटवण्यासाठी त्याने शेजारच्या बलाढ्य शत्रूला दार उघडून दिले. पुढे त्याला पश्चात्ताप झाला, परंतु तोवर मोगल सैन्य तटाखाली येऊन ठेपले होते.

या संकटात चाँदबीबींनी किल्ला लढवला. सुरुंगाने तटाला खिंडार पडले तेव्हा त्या स्वतः तेथे उभ्या राहिल्या आणि एका रात्रीत ते बुजवून घेतले. मोगलांना वऱ्हाड घेऊन तह करावा लागला. परंतु तटाचे खिंडार बुजले, तरी मनांमधील खिंडार बुजले नाही. इ.स. 1600 मध्ये मोगल पुन्हा आले. चाँदबीबी शत्रूशी वाटाघाटी करीत आहेत, ही बातमी पसरवून त्यांच्याच माणसांनी त्यांची हत्या केली. त्यानंतर थोड्याच दिवसांत किल्ला पडला आणि बालसुलतान बहादूर कैदी होऊन ग्वाल्हेरच्या किल्ल्यात गेला. ज्या तटाला शत्रूचे सुरुंग पुरे पडले नाहीत, तो अफवेने, मत्सराने आणि विश्वासघाताने पाडला.

मलिक अंबर यांनी हे सर्व पाहिले होते. राजधानी गेल्यावर त्यांनी निजामशाही घराण्यातील एका वंशजाला मुर्तजा निजामशहा या नावाने परांड्याच्या किल्ल्यात गादीवर बसवले. पुढे जुन्नर आणि मग दौलताबाद येथे राजधानी हलवत, डोंगराळ मुलखाचा आणि चपळ घोडदळाचा आधार घेत त्यांनी अकबर व जहांगीर यांच्या सेनांशी पंचवीस वर्षे झुंज दिली. मराठा, हबशी आणि दख्खनी मुसलमान एकाच फौजेत खांद्याला खांदा लावून लढत. शहाजीराजे भोसले यांच्या पूर्वायुष्यातील लष्करी अनुभव याच छत्राखाली घडला.

खडकीची उभारणी

इ.स. 1610 मध्ये मलिक अंबर यांनी दौलताबादजवळील खडकी या गावाच्या जागी नवे नगर वसवले. वाचकांनी ही पुण्यातील खडकी समजू नये. पुढे औरंगाबाद म्हणून प्रसिद्ध झालेले आणि आज छत्रपती संभाजीनगर हे नाव असलेले शहर ते हेच. तेथे त्यांनी जामा मशीद उभारली, भडकल दरवाजा बांधला आणि वस्त्या वसवल्या. मालपुरा, खेळपुरा, परसपुरा, विठापुरा ही तेथील पुऱ्यांची नावे मराठा सरदारांवरून पडली, असे परंपरा सांगते. नगर वसवणाऱ्याने आपल्या सहकाऱ्यांचीही नावे त्या मातीवर उमटू दिली, यात त्यांच्या मनाचा मोठेपणा दिसतो.

परंतु त्यांचे खरे कार्य जमिनीखाली होते. नगराला पाणी हवे होते आणि भोवतालचा प्रदेश कोरडा होता. मलिक अंबर यांनी उत्तरेकडील डोंगरउतारावरील भूजल एकत्र करून भुयारी मार्गाने शहरात आणले. ठरावीक अंतरावर हवा खेळण्यासाठी आणि गाळ काढण्यासाठी उभी विवरे ठेवली. कोणतेही यंत्र नाही, केवळ उताराचा अचूक हिशेब. हे पाणी हौदांत, मशिदींत आणि घरांत पोहोचले. नहर-ए-अंबरी या नावाने ओळखली जाणारी ही योजना विसाव्या शतकापर्यंत लोकांची तहान भागवीत राहिली. पुढील पिढ्यांनी याच धर्तीवर आणखी नहरी बांधल्या.

दुसरे कार्य शेतकऱ्यांसाठी होते. सरकारी वसुली मक्त्याने देण्याची पद्धत त्यांनी मोडली. मक्तेदार दरबारी ठरलेली रक्कम भरी आणि रयतेकडून मन मानेल तेवढे उकळी. त्याऐवजी जमिनीची प्रत आणि पिकाचा अंदाज पाहून सरकारचा हिस्सा ठरवला गेला, गावाच्या पाटलाचे हक्क मान्य केले गेले आणि पडीक जमीन लागवडीखाली आणण्यास उत्तेजन मिळाले. मलिकंबरी म्हणून ही व्यवस्था महाराष्ट्रात पुढे दीर्घकाळ प्रमाण मानली गेली. छत्रपती शिवाजी महाराजांच्या महसूलव्यवस्थेचा विचार करतानाही इतिहासकारांना तिचा उल्लेख करावा लागतो.

दोनदा जळालेले नगर

इ.स. 1616 मध्ये अंबर यांचे काही सरदार फुटून मोगलांना मिळाले. रोशनगावच्या लढाईत अंबर यांचा पराभव झाला आणि विजयी सैन्याने खडकीत शिरून नगराचा विध्वंस केला. पाच वर्षांनी, इ.स. 1621 मध्ये, मोगल फौजांनी खडकी पुन्हा बेचिराख केली. सहा-सात वर्षांच्या परिश्रमाचे फळ एकदा डोळ्यांदेखत राख झाले आणि पुन्हा उभारलेले पुन्हा राख झाले. या काळात जहांगीरने आपल्या चित्रकाराकडून एक चित्र काढून घेतले. त्यात तो मलिक अंबर यांच्या छिन्न मस्तकावर बाण सोडताना दिसतो. वास्तवात ते मस्तक त्याला कधीच मिळाले नाही.

येथे थांबून एक महत्त्वाचा भेद समजून घ्यावयास हवा. सबाचा विनाश ही शिक्षा होती, कारण अल्लाहने स्वतः तसे सांगितले आहे. खडकीचे जळणे ही शिक्षा होती असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? संकट हे कधी शिक्षा असते, कधी परीक्षा, तर कधी श्रद्धावंताचे दर्जे उंचावण्याचे साधन. वह्य म्हणजे ईशसंदेश येत असेपर्यंतच यांतील भेद निश्चितपणे कळू शकत होता. आता आपल्या हाती एवढेच आहे की, संकटानंतर माणूस कसा वागला, ते पाहावे. मलिक अंबर यांनी राखेवर बसून नशिबाला दोष दिला नाही. जमिनीवरचे नगर जळाले होते, जमिनीखालची नहर वाहत होती. रयतेचा विश्वास शाबूत होता. म्हणूनच नगर पुन्हा उभे राहू शकले.

इ.स. 1624 मध्ये अहमदनगरजवळ भातवडी येथे मोगल आणि आदिलशाही यांच्या संयुक्त सेनेला त्यांनी पराभूत केले. तेथील तलावाचा बांध फोडून त्यांनी शत्रूच्या छावणीत चिखल करून सोडला आणि तिचा मार्ग अडवला. याच लढाईत शहाजीराजांचे बंधू शरीफजी यांनी प्राण अर्पण केले. ज्या हातांनी नगराला पाणी दिले, त्या हातांनी रणांगणात पाण्याचेच शस्त्र केले. इ.स. 1626 मध्ये, वयाच्या ऐंशीच्या घरात, मलिक अंबर यांचे निधन झाले. खुलदाबादच्या पवित्र भूमीत त्यांची कबर आहे. आयुष्यभर ज्यांच्याशी ते लढले, त्या मोगल दरबाराच्या इतिहासकारानेही त्यांच्या शौर्याची व कारभाराची मुक्तकंठाने प्रशंसा केली.

जे वारशात देता आले नाही

मृत्यूनंतर माणसाच्या कर्मांची वही बंद होते, परंतु तीन गोष्टींचे पुण्य चालू राहते, अशी प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आहे. वाहते दान, लोकांना उपयोगी पडणारे ज्ञान आणि आईवडिलांसाठी प्रार्थना करणारी सदाचारी संतती. या तीन कसोट्यांवर मलिक अंबर यांचे जीवन पाहा. वाहते दान म्हणावे तर त्यांची नहर अक्षरशः वाहत राहिली. उपयोगी ज्ञान म्हणावे तर त्यांची महसूलव्यवस्था गावोगाव टिकली. तिसरी कसोटी मात्र कठीण निघाली.

त्यांच्या पश्चात पुत्र फतहखान सत्तेवर आले. त्यांनी खडकीचे नाव फतहनगर ठेवले. बापाने नगराला पाणी दिले, मुलाने नाव दिले. सुलतान मुर्तजा आणि फतहखान यांचे वैर विकोपाला गेले. सुलतानाने त्यांना कैदेत टाकले. इ.स. 1629 मध्ये दौलताबादच्या दरबारात लखुजी जाधवराव पुत्रांसह मारले गेले आणि मराठा सरदारांचा राज्यावरील विश्वास उडाला. पाठोपाठ भीषण दुष्काळ आला. पुन्हा सत्तेवर आलेल्या फतहखानांनी सुलतानालाच ठार केले आणि एका बालकाला गादीवर बसवले. इ.स. 1633 मध्ये दौलताबादचा अजिंक्य किल्ला मोगलांच्या हाती पडला आणि फतहखान मोगलांच्या आश्रयाला गेले. शहाजीराजांनी आणखी तीन वर्षे निजामशाहीचा दिवा जळता ठेवला. इ.स. 1636 मध्ये तोही विझला. तेहतीस वर्षांपूर्वी अहमदनगरात जे घडले होते, तेच दौलताबादेत घडले. तीच फूट, तोच विश्वासघात, तेच दार आतून उघडणे.

फतहखानांच्या अंतःकरणाचा न्याय अल्लाहकडे आहे आणि पित्यालाही आपण दोष देऊ शकत नाही. ह. नूह (अ.) यांचा पुत्र नौकेत चढला नाही. ह. लूत (अ.) यांची पत्नी वस्तीसोबत नष्ट झाली. मार्गदर्शन देणे अल्लाहच्याच हाती आहे. परंतु एवढे निश्चित की, नगर वारशात देता येते, नगर टिकवणारे गुण वारशात आपोआप उतरत नाहीत. ते शिकवावे लागतात, रुजवावे लागतात आणि त्यांसाठी रात्री उठून दुआ मागावी लागते.

आपले पुणे, आपले कात्रज

वाचकहो, आता आपल्या उंबरठ्याकडे पाहू या. याच उलथापालथीत, इ.स. 1630 च्या सुमारास, आदिलशाही सरदार मुरार जगदेव याने पुणे जाळले आणि गाढवांचा नांगर फिरवला, असे इतिहासात सांगितले जाते. ते पुन्हा वसले. अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजचा तलाव बांधला गेला आणि भुयारी नळाने त्याचे पाणी पेठांच्या हौदांत व शनिवारवाड्यापर्यंत पोहोचले. त्या नळावरील उच्छ्वास आणि अंबर यांच्या नहरीवरील विवरे यांचे नाते पाहणाऱ्याच्या सहज लक्षात येते. वाड्यातील वैभव गेले. लोकांच्या तहानेसाठी केलेले काम मात्र लोकांच्या स्मरणात राहिले.

25 सप्टेंबर 2019 च्या रात्री याच कात्रजच्या डोंगरातून निघणाऱ्या आंबिल ओढ्याला महापूर आला. घरे, भिंती, वाहने आणि अनेक जीव वाहून गेले. अशा वेळी अमुक वस्तीवर प्रकोप झाला, असे बोलण्याचा मोह कित्येकांना होतो. कृपा करून असे बोलू नका. बुडून मरण पावणाऱ्या श्रद्धावंताला हदीसमध्ये शहीदाचा दर्जा दिला आहे. मृतांचा हिशेब घेणे आपले काम नाही. आपले काम हे की, ओढ्याचा मार्ग कोणी अरुंद केला, त्यात राडारोडा कोणी टाकला आणि त्यात आपला हातभार किती, हे स्वतःला विचारणे. अल्लाहने पाण्याला दिलेली वाट अडवणे हीदेखील कृतघ्नताच आहे.

याच प्रश्नांची आणखी रूपे आपल्या भोवती आहेत. उन्हाळ्यात शेजारच्या इमारतीत टँकरची वाट पाहिली जात असताना आपल्या मशिदीच्या वुजूखान्यातील नळ वाहता राहतो काय? वाहत्या नदीकाठीही वुजूसाठी पाणी जपून वापरण्याची शिकवण आपल्याला मिळाली आहे. वक्फच्या मालमत्तेचा हिशेब नमाजींसमोर मांडला जातो काय, की तिथेही मक्तेदारीच चालते? मशिदीच्या समितीत दोन तट पडले की आपण समेट घडवतो, की एका तटाची अफवा दुसऱ्याच्या कानी घालतो? आपला वाद जिंकण्यासाठी आपण मियाँ मंजूप्रमाणे बाहेरच्याला दार उघडून देतो काय? आपल्या मुलांना आपण फ्लॅट आणि दुकान ठेवून जाणार आहोत, त्याबरोबर सचोटी ठेवून जाणार आहोत काय?

एखाद्या समाजाची दशा अल्लाह तोवर बदलत नाही, जोवर तो समाज आपले अंतःकरण बदलत नाही, हा कुरआनचा सिद्धान्त आहे. तो दोन्ही दिशांनी लागू पडतो. सबाचे लोक समृद्धीत असताना आतून बदलले आणि बाग उजाड झाली. गुलामांच्या बाजारातील एक निराधार मुलगा विपत्तीत असताना आतून खचला नाही आणि त्याच्या हातून कोरड्या माळावर पाणी वाहू लागले. नगराचा तट दगडांचा असतो, पाया मात्र अमानत, न्याय आणि कृतज्ञता यांचा असतो. पाया शाबूत असेल तर जळालेले नगर पुन्हा उभे राहते. पाया खचला तर अजिंक्य किल्लाही आतून उघडतो.

या महिन्यात प्रत्येक वाचकाने एक छोटेसे काम हाती घ्यावे, अशी नम्र विनंती आहे. आपल्या वस्तीतील एक गळका नळ दुरुस्त करावा, एक तुटलेले नाते जोडावे किंवा आपल्याकडे असलेल्या एखाद्या अमानतीचा हिशेब पूर्ण करावा. नहरीची सुरुवात थेंबापासूनच होते.

हे अल्लाह, तू दिलेल्या देणग्यांबद्दल कृतज्ञ राहण्याची आम्हाला सद्बुद्धी दे. आमच्या वस्त्यांचे फुटीपासून आणि अहंकारापासून रक्षण कर. आमच्या संततीला सदाचारी बनव आणि ज्यांनी तुझ्या दासांची तहान भागवली, त्या सर्वांवर कृपा कर. आमीन.